व्हिटबी: भरती-ओहोटी पाहून ठरवायचा दोन रात्रींचा मुक्काम

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्यांनी इथला पहिला समुद्रकिनारा कोणता बघावा, असं कोणी विचारलं तर मी बेलाशक व्हिटबीचं नाव घेतो. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, एस्क नदी जिथे समुद्राला मिळते तिथे दोन कड्यांच्या बेचक्यात हे गाव आहे. पूर्वेच्या कड्यावर भग्न मठ, पश्चिमेच्या कड्यावर व्हिक्टोरियन काळातल्या इमारती, मध्ये बंदर आणि लाल कौलांची दाटीवाटी. गावात फिरायला गाडी लागत नाही.

बहुतेक पाहुणे सकाळी अकराला येतात, फिश अँड चिप्सच्या रांगेत उभे राहतात, मठाचा फोटो काढतात आणि संध्याकाळी पाचला परततात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की असं करू नका. दोन रात्री राहा आणि दिवसाचे बेत घड्याळाऐवजी भरती-ओहोटीवर बसवा. इथला पूल कधी उघडणार, वाळू कधी मोकळी होणार, कड्याखालून चालणं कधी सुरक्षित, हे सगळं पाणीच ठरवतं.

पहिलं काम: भरतीचं कोष्टक

हॉटेल बुक करण्याच्याही आधी हे करा. इंटरनेटवर ‘व्हिटबी टाइड टाइम्स’ शोधलं की पुढच्या दिवसांच्या वेळा मिळतात. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज वेळ साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. कोकणातल्या माणसाला हे शिकवायला नको: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. तोच चंद्र इथेही आहे. उधाणाला व्हिटबीचं पाणी साडेचार-पाच मीटर वरखाली होतं, म्हणजे जिथे सकाळी मुलं किल्ले करत होती तिथे दुपारी भिंतीवर लाटा आपटत असतात.

नवख्यांच्या सोयीची गोष्ट अशी की उधाणाच्या दिवसांत इथली ओहोटी साधारण सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान येते. किनाऱ्यावरून लांब चालायचं असेल, जीवाश्म शोधायचे असतील, तर अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन दिवस धरा. कालनिर्णय घरात असेलच. मात्र छापील कोष्टक वापरणार असाल तर वेळा ग्रिनिचच्या आहेत का ते बघा. तशा असतील तर उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा. हा एक तास कड्याखाली असताना फार महत्त्वाचा ठरतो.

कधी जावं

मे, जून आणि सप्टेंबर उत्तम. व्हिटबीचा किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे जूनच्या अखेरीस इथे सूर्य समुद्रातून उगवतानाही दिसतो आणि समुद्रात मावळतानाही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हे क्वचितच बघायला मिळतं. ऑगस्टमध्ये शाळांच्या सुट्ट्या आणि रेगाटा (बोटींच्या शर्यती), त्यामुळे गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. वसंतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास ‘गॉथ वीकेंड’ असतो. १९९४ पासून काळ्या पोशाखातली, झालरी-टोप्या घातलेली मंडळी या निमित्ताने इथे जमतात. बघायला फार सुंदर, आणि माणसंही अगत्याची. फक्त खोली काही महिने आधी घ्यावी लागते.

कपड्यांचं म्हणाल तर उन्हाळ्यातही स्वेटर आणि वारा अडवणारं जाकीट हवंच. समुद्रावरून अचानक दाट धुकं आत येतं, त्याला इथे ‘फ्रेट’ म्हणतात. आतल्या गावात लख्ख ऊन आणि व्हिटबीत दहा फुटांवरचं दिसत नाही, असं होतं. अशा वेळी मठ सोडा, संग्रहालयात जा.

कसं पोहोचावं

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्क रेल्वेने साधारण दोन तास. यॉर्कहून पुढे माझी निवड बसची: कोस्टलायनर ८४०. ही बस लीड्सहून निघते आणि यॉर्क, माल्टन, पिकरिंग करत नॉर्थ यॉर्क मूर्सच्या माळावरून व्हिटबीला उतरते. ब्रिटनमधला सर्वांत निसर्गरम्य बसमार्ग म्हणून तिची निवड झालेली आहे. वरच्या मजल्यावर पुढची सीट धरा. ऑगस्टच्या अखेरीस हा माळ हेदरच्या फुलांनी जांभळा होतो.

दुसरा मार्ग स्कारबरोहून. तिथपर्यंत रेल्वे, पुढे एक्स ९३ ही बस, तासाभराचा प्रवास. तिसरा, मिडल्सबरोहून एस्क खोऱ्यातून येणारी छोटी रेल्वे. दीड तासाचा सुरेख प्रवास आहे, पण दिवसाला मोजक्याच गाड्या असतात. एक चुकली की दुपार गेली. पिकरिंगहून वाफेच्या इंजिनाची नॉर्थ यॉर्कशर मूर्स रेल्वे निघते आणि हंगामात तिच्या काही गाड्या थेट व्हिटबीपर्यंत येतात. मुलं बरोबर असतील तर एकदा तिने जा. तिकीट मात्र साध्या रेल्वेपेक्षा महाग आहे.

जानेवारी २०२५ पासून इंग्लंडमधल्या बहुतेक लोकल बसचं एकेरी भाडं जास्तीत जास्त ३ पौंड ठेवलेलं आहे. निघण्याआधी ही सवलत चालू आहे ना ते तपासा. गाडीने जात असाल तर गावात पार्किंगच्या शोधात फिरू नका. हंगामात गावाबाहेर गिझबरो रस्त्यावर पार्क अँड राइड असतं, तिथे गाडी ठेवून बसने खाली या.

कुठे राहावं

गावाचे दोन भाग आहेत आणि त्यांचे स्वभाव वेगळे आहेत.

पूर्वेकडचा भाग जुना. चर्च स्ट्रीट आणि हेन्रिएटा स्ट्रीटच्या आजूबाजूला बोळ आहेत, त्यांना ‘यार्ड’ म्हणतात. कोळ्यांची जुनी घरं आता बरीचशी सुट्टीसाठी भाड्याने दिली जातात. राहायला गोड जागा, पण जिने उभे, छत बुटकं, दारापर्यंत गाडी जात नाही. मोठ्या बॅगा आणि गुडघे दुखणारे आई-बाबा असतील तर हा भाग टाळा. मठाला लागूनच जुन्या वाड्यात यूथ हॉस्टेल आहे. स्वयंपाकघर वापरायला मिळतं, त्यामुळे विद्यार्थ्यांना आणि शाकाहारींना परवडतं.

पश्चिमेकडचा भाग, म्हणजे वेस्ट क्लिफ, एकोणिसाव्या शतकात ‘रेल्वे किंग’ म्हणून ओळखल्या गेलेल्या जॉर्ज हडसनच्या पुढाकाराने वसला. इथे रुंद रस्ते आणि तीन-चार मजली गेस्ट हाउस. पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबाने इथेच राहावं.

गेस्ट हाउस किंवा बी अँड बी (नाश्त्यासह भाड्याची खोली) घेताना चार गोष्टी ई-मेलने आधीच विचारा. खोली कितव्या मजल्यावर आहे (लिफ्ट बहुधा नसते). नाश्त्यात शाकाहारी पर्याय आहे का. बेक केलेले बीन्स, मशरूम, टोमॅटो, टोस्ट सहज मिळतात, फक्त आदल्या दिवशी सांगावं लागतं. लहान मूल चालेल का. आणि शनिवार-रविवारी किमान दोन रात्रींची अट आहे का. खोली साधारण दुपारी तीननंतर मिळते, पण बॅगा आधी ठेवू द्या म्हटलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. खोलीत चहाची किटली असतेच.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. सुट्टीसाठीच्या घरांमुळे व्हिटबीत स्थानिक तरुणांना घर घेणं अवघड झालं आहे. जून २०२२ मध्ये गावात यावर मतदान झालं आणि ९३ टक्के मतदारांनी नवी घरं फक्त कायम राहणाऱ्यांनाच विकावीत असा कौल दिला. तो सल्ल्यापुरता होता, कायदा नव्हता. पण म्हणूनच मी शक्यतो असं गेस्ट हाउस सुचवतो जिथे मालक स्वतः त्याच इमारतीत राहतात. पैसे गावात राहतात आणि सकाळी नाश्ता वाढताना आजच्या वाऱ्याची, बोटींची खरी माहिती तुम्हाला मिळते.

काय खावं, आणि आधी काय विचारावं

मांसाहारी, शाकाहारी, सगळ्यांनी हे वाचा. यॉर्कशरमध्ये मासे आणि चिप्स तळायला परंपरेने बीफ ड्रिपिंग वापरतात, म्हणजे गाईची चरबी. नुसत्या बटाट्याच्या चिप्ससुद्धा त्यातच तळलेल्या असतात. ब्रिटनमध्ये दुकानदाराला ज्या १४ अ‍ॅलर्जनची माहिती द्यावी लागते त्यांत गोमांस येत नाही, त्यामुळे मेनूवर ते लिहिलेलं असेलच असं नाही. ज्यांना चालत नाही त्यांनी रांगेत उभं राहण्याआधीच विचारायचं: कशात तळता? प्रश्न सवयीचा आहे, कोणाला राग येत नाही. वनस्पती तेलात तळणारी दुकानंही असतात. शाकाहारींनी पुढे हेही विचारावं की चिप्ससाठी वेगळी कढई आहे का, की माशांच्याच तेलात निघतात.

आता मासा. दक्षिण इंग्लंडात कॉड, यॉर्कशरमध्ये हॅडॉक. इथे हॅडॉकच मागा: पांढरा, पापुद्रे सुटणारा, चवीला किंचित गोड, आणि इकडे तो साल काढून तळतात. बंदराच्या पश्चिम काठावर पियर रोडला मॅगपाय कॅफे आहे, काळ्या-पांढऱ्या रंगाची उठून दिसणारी इमारत. नाव मोठं आणि रांगही मोठी. दुपारी एकला जाण्याऐवजी साडेअकराला किंवा चारला जा. बसून खाण्यापेक्षा पुडा घेणं स्वस्त पडतं. एक मोठा पोर्शन दोघांना पुरतो. काउंटरवर ‘सॉल्ट अँड व्हिनेगर?’ विचारतील, हो म्हणा. मशी पीज म्हणजे शिजवून घोटलेले वाटाणे, ते घ्याच. ‘स्क्रॅप्स’ मागितले तर पिठाचा कुरकुरीत चुरा वर टाकून देतात. आणि चिप शॉपचा करी सॉस एकदा चाखून बघा. आपल्या रश्शाशी त्याचं नातं लांबचं आहे, पण थंडीत चिप्सबरोबर तो बरा लागतो.

पुडा घेऊन बंदराच्या काठावर बसलात तर समुद्रपक्षी नक्की झडप घालणार. हे हेरिंग गल मोठे आणि धीट असतात. भिंतीला पाठ लावून बसा, पुडा झाकून ठेवा, आणि त्यांना घास टाकू नका. त्याने ते आणखी सोकावतात.

सुक्या मासळीची आवड असणाऱ्यांनी हेन्रिएटा स्ट्रीटवर फॉर्च्युन्सचं दुकान गाठावं. १८७२ पासून एकाच कुटुंबाचं धुरीघर आहे. हेरिंग, म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला मासा, पाठीतून चिरून, मिठात घालून ओकच्या धुरावर टांगतात. त्याला किपर म्हणतात. ते धुरीघर बाहेरून काळवंडलेलं, लहानसं आहे, आणि वास गल्लीच्या तोंडापासून येतो. किपर शिजवण्याची सोपी रीत: उंच भांड्यात उभा ठेवून वर उकळतं पाणी ओतायचं आणि पाच-सात मिनिटं झाकायचं. तव्यावर भाजण्यापेक्षा वास कमी पसरतो, भाड्याच्या घरात हे लक्षात ठेवा. बरोबर गरम भात असेल तर मला दुसरं काही लागत नाही.

खेकड्याचं सँडविच बंदरावरच्या ठेल्यांवर मिळतं. उन्हाळ्यात ताजं असतं. गोड हवं असेल तर स्किनर स्ट्रीटवर बॉथम्सची बेकरी आहे, १८६५ सालची, वर चहाची खोली. इथे प्लम ब्रेडच्या चकतीवर वेन्सलीडेल चीजचा तुकडा ठेवून खातात. गोड आणि खारट एकत्र ऐकायला विचित्र वाटतं, चवीला नेमकं बसतं. अंडं न खाणाऱ्यांनी केकबद्दल विचारून घ्यावं.

जेवणाच्या वेळा मात्र आपल्यासारख्या नाहीत. रात्री साडेआठला स्वयंपाकघर बंद झालेलं असू शकतं, हिवाळ्यात त्याहूनही लवकर. सातच्या आत बसा. रेल्वे स्टेशनशेजारी को-ऑपचं सुपरमार्केट आहे. दूध, ब्रेड, फळं तिथून घेऊन ठेवली की मुलांची सोय होते.

पहिली सकाळ: पूर्वेचा काठ

सातच्या सुमारास निघा. दुकानं बंद असतात आणि चर्च स्ट्रीट अख्खा तुमचा असतो. नदीवरचा पूल बाजूला फिरून बोटींना वाट देतो. भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास, मागणी असेल तेव्हा, तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्याला तो उघडतो. कोष्टक हातात असेल तर मुलांना नेमक्या वेळी तिथे उभं करता येतं.

चर्च स्ट्रीटच्या टोकाला १९९ दगडी पायऱ्या आहेत. मध्ये मध्ये सपाट टप्पे आणि बाकं दिसतील. वरच्या दफनभूमीकडे शवपेटी नेताना खांदेकऱ्यांना ती टेकवता यावी म्हणून ते टप्पे केलेले होते. आता तिथे बसून बंदर बघता येतं. ज्यांना चढवत नाही त्यांना गाडीने वर मठाच्या कार पार्कपर्यंत नेता येतं.

वर सेंट मेरीज चर्च आधी बघा. आतली बैठक लाकडी खोक्यांसारख्या कप्प्यांची, आणि मध्ये तीन मजली व्यासपीठ. जहाजं बांधणाऱ्या गावाने बांधलेलं चर्च आहे, हे लाकूडकामात कळतं. मग मठ. इसवी सन ६५७ मध्ये हिल्डा नावाच्या राजघराण्यातल्या स्त्रीने तो स्थापला आणि भिक्षू व भिक्षुणी दोघांची प्रमुख म्हणून चालवला. ६६४ मध्ये इथे मोठी धर्मसभा भरली. प्रश्न होता ईस्टरचा दिवस चंद्रावरून कसा काढायचा. रोमची पद्धत स्वीकारली गेली आणि इंग्लंडच्या चर्चची दिशा ठरली. आज दिसतात त्या कमानी नंतरच्या, मुख्यतः तेराव्या शतकातल्या. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद पडला आणि डिसेंबर १९१४ मध्ये जर्मन युद्धनौकांच्या तोफगोळ्यांनी त्याचं नुकसान झालं. तिकीट इंग्लिश हेरिटेजचं, म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेचं आहे. वर्षभरात आणखी तीन-चार किल्ले बघणार असाल तर सभासदत्व स्वस्त पडतं.

उतरल्यावर ग्रेप लेनमध्ये कॅप्टन कुक संग्रहालय आहे. १७४६ मध्ये जेम्स कुक या घराच्या मालकाकडे, जॉन वॉकरकडे, उमेदवार खलाशी म्हणून आला. पुढे ज्या ‘एन्डेव्हर’मधून तो ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला लागला ती व्हिटबीत बांधलेली कोळशाची बोट होती. सपाट तळाची, म्हणून ओहोटीत वाळूवर टेकली तरी कलंडत नसे.

चर्च स्ट्रीटवरच्या काळ्या दागिन्यांच्या दुकानांत घाई करू नका. व्हिटबीचा जेट म्हणजे मंकी पझलसारख्या झाडांचं सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचं लाकूड, समुद्रतळाशी दबून काळं झालेलं. १८६१ मध्ये पती अल्बर्ट वारल्यावर राणी व्हिक्टोरियाने शोकाचे दागिने म्हणून तो वापरला आणि गावात कारागिरांची भरभराट झाली. खरा जेट हाताला हलका आणि उबदार लागतो. झिलई नसलेल्या चिनी मातीवर घासला तर तपकिरी रेघ उठते. काच थंड आणि जड असते. दुकानदाराला विचारा, चांगला कारागीर आनंदाने करून दाखवतो.

दुपार: पश्चिमेचा काठ

कड्यावर देवमाशाच्या जबड्याच्या हाडांची कमान आहे, तिच्यातून समोरचा मठ दिसतो. १७५३ ते १८३७ या काळात इथून देवमाशांच्या शिकारीला जहाजं जात. आताची हाडं २००३ मध्ये अलास्काहून आलेली आहेत. जवळच्या रॉयल क्रेसेंटमध्ये १८९० साली ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचा लेखक ब्रॅम स्टोकर उतरला होता. त्याचा ड्रॅक्युला याच गावात किनाऱ्याला लागतो. इथून खाली पियरकडे उतरणाऱ्या रस्त्याचं नाव आहे खायबर पास.

लाइफबोट संग्रहालय चुकवू नका. ३० ऑक्टोबर १९१४ च्या पहाटे ‘रोहिला’ नावाचं रुग्णालय-जहाज गावाच्या दक्षिणेला सॉल्टविकच्या खडकांवर आदळलं. ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीचं हे जहाज; नाव पानिपतामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या रोहिल्यांचं. किनारा काही शे यार्डांवर, पण लाटांमुळे बचाव तीन दिवस चालला. जहाजावरच्या २२९ जणांपैकी ८५ जण गेले. व्हिटबीच्या माणसांनी वल्ह्यांची बोट दगडांवरून ओढत नेऊन पहिल्या माणसांना वाचवलं. आजही लाइफबोटची सेवा देणग्यांवर चालते. तिथल्या पेटीत काहीतरी टाका.

पॅनेट पार्कमधल्या व्हिटबी संग्रहालयात समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांचे भिंतभर जीवाश्म आहेत. धुक्याच्या दिवसासाठी ही जागा राखून ठेवा.

दुसरा दिवस: किनारा

वेस्ट क्लिफखालच्या वाळूवरून सँड्सएंड तीन मैलांवर आहे. ओहोटी सुरू असताना निघा, पाणी पालटण्याआधी पोहोचा, परत बसने या. पोहायचं असेल तर उन्हाळ्यात जीवरक्षक असताना, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच. पाणी ऑगस्टमध्येही थंडगार असतं.

अ‍ॅमोनाइट, म्हणजे गुंडाळी झालेल्या शंखांचे जीवाश्म, खडकाळ भागात सुट्या दगडांमध्ये सापडतात. हिल्डाने सापांचे दगड केले, अशी इथली दंतकथा आहे. पडलेले दगड उचला, कड्याला हातोडी लावू नका. हे कडे ठिसूळ आहेत आणि कधीही ढासळतात. सॉल्टविककडे भरती चढत असताना मुळीच जाऊ नका. पाणी मागून वाट बंद करतं. कोणी अडकलेलं दिसलं तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा.

चालायची आवड असेल तर कड्यावरून क्लीव्हलंड वे या वाटेने रॉबिन हुड्स बे सुमारे सात मैल, चढउतारांचे. सायकल किंवा सौम्य चढ हवा असेल तर सिंडर ट्रॅक घ्या. १९६५ मध्ये बंद झालेल्या स्कारबरो-व्हिटबी रेल्वेची ही वाट, एस्कवरच्या तेरा कमानींच्या पुलावरून जाते. रॉबिन हुड्स बे हे उतारावरचं कोळ्यांचं गाव. खाली उतरताना मजा, चढताना दम लागतो, म्हणून खालीच चहा घ्या आणि मग वर स्टॉपवर या. परतीला एक्स ९३ मिळते. शेवटच्या बसची वेळ निघतानाच फोनवर टिपून ठेवा, कारण खाली खाडीत मोबाइलला रेंज भरवशाची नसते.